तोरणमाळची चांदणी रात्र
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



गेल्या मार्गशीर्षात आपण अठराजणी तोरणमाळला रात्री आकाश पाहायला गेलो, त्याविषयी बोलण्याचे काम मजकडे आले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा पाहिले तेवढे सांगते आणि मुलांच्या पुस्तकांतून समजले ते त्याला जोडते.

आधी विरोधाचे सांगते, कारण तोच मोठा होता. अमावास्येला, तेही रात्री, बायकांनी डोंगरावर जायचे! घरोघरी भुवया उंचावल्या. पण चंद्र असला की बारीक तारे बुडून जातात, म्हणून अमावास्याच हवी. हे माझ्या सासूबाईंना पटवायला मला चार दिवस लागले. पाचव्या दिवशी त्यांनी आपली लोकरी शाल काढून दिली.

तोरणमाळ समुद्रसपाटीपासून सुमारे ११५० मीटर उंच. शहाद्याहून घाट चढून वर गेलो की हवाच बदलते. आपल्या सातपुड्यात बर्फ पडत नाही. पण कडक हिवाळ्यात तिथे आणि अक्कलकुव्याकडच्या डाबला गवतावरचे दव गोठून पांढरे होते. निरभ्र रात्री जमिनीची ऊब सरळ वर निघून जाते. ढग असले तर ते गोधडीसारखे ती धरून ठेवतात. म्हणजे आकाश जितके स्वच्छ, तितकी थंडी जास्त. तारे पाहायचे तर कुडकुडणे आलेच.

अमेरिकेत युटा प्रांतात ब्राइस कॅन्यन नावाचे राखीव उद्यान आहे. तिथे हिवाळ्यात उद्यानाचे रक्षकच लोकांना बर्फावरून फिरवतात. पाय रुतू नयेत म्हणून जोड्याखाली सुपाएवढ्या रुंद जाळ्या बांधतात. तिथले आकाशही अंधारे राखले आहे. आम्हाला जाळ्या लागल्या नाहीत. वाट दाखवायला एक पावरा तरुण पुढे, आणि दुर्बीण घेतलेले शाळेचे गुरुजी मागे. बॅटऱ्यांना पतंगाचा लाल कागद बांधला होता. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटे लागतात, आणि एकदा पांढरा उजेड पडला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

सराव झाला आणि सगळ्याजणी गप्पच झाल्या. मृग पूर्वेला उभा, त्याच्या पोटात बाणाचे तीन तारे, वर रोहिणी, त्याहून वर कृत्तिकांचा पुंजका. खाली व्याध लखलखत होता. त्याचा उजेड आपल्यापर्यंत यायला साडेआठ वर्षे लागतात. म्हणजे तो निघाला तेव्हा माझी धाकटी पाळण्यात होती. कृत्तिकांचा उजेड तर सुमारे ४४० वर्षांपूर्वीचा. शिवाजी महाराजांचा जन्मही तेव्हा व्हायचा होता! बाणाच्या खाली दुर्बिणीतून धुरकट ढग दिसला. तिथे नवे तारे जन्मतात, असे गुरुजींनी सांगितले. एकीने लगेच विचारले, “बाळंतपण किती दिवसांचे?” गुरुजी म्हणाले, “लाखो वर्षांचे.” ती म्हणाली, “मग माझे सोपेच झाले म्हणायचे.”

मध्यरात्रीच्या सुमारास दक्षिणेला, डोंगराच्या कडेवर अगस्त्य आला. ब्राइस कॅन्यनच्या लोकांना हा तारा क्षितिजावर नीट वर आलेला कधी दिसत नाही, इतके ते उत्तरेला आहेत. बर्फ त्यांच्याकडे, अगस्त्य आपल्याकडे!

दीड वाजल्यानंतर ईशान्येला सप्तर्षी वर आले. लग्नात भटजींनी मांडवाच्या पताकांकडे बोट करून अरुंधती दाखवली, ती खरोखर कितीजणींना दिसली होती? वसिष्ठाच्या अगदी शेजारी ती बारीक चांदणी त्या रात्री दिसली. आमच्यातल्या सर्वांत वडील बाईंनी बराच वेळ पाहिले आणि पदराने डोळे पुसले. थंडीने पाणी आले असेल. मी विचारले नाही.

आता कामाची गोष्ट. जानेवारी २०२४ मध्ये आपल्या महाराष्ट्रातले पेंच हे भारतातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ ठरले. तिथे वाघोडा, सिल्लारी वगैरे गावांतले दिवे काढले नाहीत. त्यांची तोंडे जमिनीकडे केली. लडाखात हानले येथे गावकऱ्यांनाच दुर्बिणी देऊन पाहुण्यांना तारे दाखवायला शिकवले, आणि त्यांत बायकाही आहेत.

काही भगिनी म्हणतात, गल्लीत उजेड हवा, विंचूकाट्याचे आणि टवाळांचे भय असते. अगदी खरे. मीही अंधाऱ्या गल्लीतून पाणी आणले आहे. पण आपल्या अंगणातला दिवा निम्मा उजेड आभाळात फेकतो, आणि पायरीखाली मात्र काळोख. त्याला पत्र्याची टोपी बसवली तर तोच उजेड पायरीवर पडेल. पत्रा मी देते. बसवायला माणूस कोणी पाहावा.

पुढच्या मार्गशीर्षातल्या सहलीसाठी नावे चिटणीसबाईंकडे द्यावीत. कानाला रुमाल, पायात मोजे, आणि भाकऱ्या नेहमीपेक्षा दोन जास्त बांधाव्यात. गेल्या वेळी पहाटे तीनलाच भरीत संपले होते.