बटण बंद म्हणजे वीज बंद नव्हे

आमच्या गटातल्या एकीच्या स्वयंपाकघरातला दिवा लुकलुकायचा, बटण दाबलं की चरचरायचं. वायरमनला विचारून आम्हीच ते काम केलं, दिवसाउजेडी.

आधी मेन स्विच पाडून बल्ब काढला आणि दुसऱ्या खोलीत लावून पाहिला. तिथे तो नीट लागला. म्हणजे दोष बटणात, होल्डरमध्ये नाहीतर वायरीत. मग चालू प्लगात टेस्टर पेटतो का ते पाहिलं. पुन्हा मेन पाडला. कुणी चुकून चालू करू नये म्हणून एकीला तिथेच उभं केलं. हात कोरडे, पायात रबरी चप्पल. बोर्ड उघडून प्रत्येक स्क्रूला टेस्टर लावला. कारण बटण बंद असलं तरी २३० व्होल्टची वीज बटणापर्यंत आलेली असते.

बटणाची वायर सैल झाली होती. स्क्रू आवळला, दिवा लागला. बटण काळं पडलं असतं तर नवं बसवावं लागलं असतं.

पण भिंत ओली असेल, वायर जळकी दिसली किंवा मेन पाडूनही टेस्टर पेटला, तर हात लावायचा नाही. वायरमनच बोलवायचा. एक रात्र कंदिलावर निघते, बायांनो.