भरल्या घरातील बाळांस नाताळची भेट
(उर्से येथे पालकांपुढे केलेले भाषण)



ज्युबिलीच्या ह्या प्रसंगी धर्मग्रामाच्या इतिहासावर आम्ही चार शब्द बोलावेत, अशी कित्येकांची अपेक्षा असेल. तो विषय इतर वक्त्यांकडे सोपवून आम्ही एक घरगुती प्रश्न घेतला आहे. आगमनकाळ लागला की आईबाप आम्हांस विचारतात, "फादर, पोराकडे सगळंच आहे; नाताळात त्याला द्यायचं तरी काय?" प्रश्न क्षुल्लक दिसतो, परंतु मूल उपकार मानावयास शिकते की नुसते मोजावयास शिकते, हे पुष्कळ अंशी त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे.

भाताच्या खाचरांचे हे गाव मुंबई–पुणे द्रुतगती मार्गाने व त्यालगतच्या कारखान्यांनी पार बदलले. तो मार्ग २००२ साली पूर्णपणे खुला झाला. आज उर्से म्हटले की परक्या माणसास टोलनाकाच आठवतो. नोकरीनिमित्त येथे आलेली आपली कुटुंबे बहुधा लहान. घरात एक किंवा दोन मुले, आणि त्यांच्यावर जीव टाकणारे दोन्हीकडचे आजीआजोबा, मामा, आत्या, धर्मपिता, धर्ममाता. प्रत्येकाने एकेक वस्तू आणली तरी नाताळच्या सकाळी पलंगावर ढीग होतो, आणि तिसरा पुडा फोडताना पहिला कोणी दिला हे मुलास आठवत नाही. दोष त्याचा नव्हे. त्यातही बाप रात्रपाळीवर आणि आई रात्री आठाला घरी पोचणारी असली, म्हणजे पुष्कळदा मुलाने मागितले म्हणून खेळणे येत नाही. आपल्या मनाची टोचणी शमविण्यासाठी ते येते. हे आम्ही निंदेने म्हणत नाही. कष्टाच्या पैशातून आलेले ते प्रेमच आहे. मात्र मुलास हवा असलेला माणूस त्या खोक्यात नसतो.

ढिगाने खेळही वाढत नाही. अमेरिकेतील टोलेडो विद्यापीठाच्या संशोधकांनी दीड ते अडीच वर्षांच्या ३६ बालकांस एकदा ४ व एकदा १६ खेळणी देऊन पाहिले, आणि २०१८ साली त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. चारच खेळणी असता बालके एकेका वस्तूत अधिक वेळ रमली व तिचे नाना उपयोग करू लागली. आपल्या आज्यांस हे विद्यापीठावाचूनही ठाऊक होते, असे कोणी म्हणेल, असो.

मग भेटीच बंद कराव्यात, असे सांगणारे उत्साही लोकही आम्हांस भेटतात. त्यांचे मत आम्हांस मान्य नाही. पूर्वेकडील ज्ञानी पुरुष बेथलेहेमात रिकाम्या हातांनी गेले नाहीत. मात्र संत मत्तय ह्यांनी दिलेला क्रम पाहावा: त्यांनी आधी बालकास दंडवत घातले, मग आपल्या थैल्या सोडल्या. म्हणून मिस्सा आणि गव्हाणीपुढील प्रार्थना झाल्यावर एकच पुडा उघडावा. बाकीचे कपाटात ठेवून प्रकटीकरणाच्या सणापर्यंत एकेक काढावे, व ज्याने तो दिला त्याच्याशी मुलास त्याच दिवशी बोलू द्यावे. चार दिवस मूल रडेल, रडू द्यावे.

आता निवडीविषयी. जी वस्तू स्वतःच नाचते व गाते आणि मुलास प्रेक्षक करून ठेवते, ती आम्ही मागे सारू. सावंतवाडीच्या चितार आळीतील लाकडी खेळणी पाहा. ती मुलाने हलविल्यावाचून हलत नाहीत. पुण्याच्या आयुका संस्थेत अरविंद गुप्ता ह्यांनी टाकाऊ वस्तूंतून, काडेपेटीच्या काड्या व सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब ह्यांतून, विज्ञानाची खेळणी घडविली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पाच-सहा वर्षांच्या मुलास तसे एखादे खेळणे शेजारी बसून करून दाखवावे. बाजारचे घेणे असेल तर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह पाहावे. १ जानेवारी २०२१ पासून ते सक्तीचे आहे, नोंदणीकृत कारागिरांस मात्र सूट आहे. तीन वर्षांखालील बाळाच्या हाती सुटे बारीक भाग देऊ नयेत. बटणासारखी बॅटरी गिळली गेल्यास दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते; तिचे झाकण स्क्रूने बंद नसेल तर ते खेळणे फुकट मिळाले तरी घेऊ नये.

परंतु आमच्या मते सर्वांत उत्तम भेट म्हणजे बापाचा एक दिवस. लोकलने मळवलीस उतरून लोहगड चढावा. २०२५ साली युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेल्या बारा किल्ल्यांपैकी तो एक, आणि मुलास तो आपल्या दारचा आहे. अथवा घरीच गव्हाणी बांधावी. दिवाळीत शेजारच्या मुलांबरोबर मातीचा किल्ला करणारे हात नाताळात गोठा का करणार नाहीत? संत फ्रान्सिस ह्यांनी १२२३ साली ग्रेचो गावी पहिली गव्हाणी मांडली, तेव्हा गवत, बैल आणि गाढव एवढेच त्यांनी मागितले होते. तयार गव्हाणी दिव्यांसह मिळते हे आम्ही जाणतो. ती दुकानातच राहू द्यावी.

आजीआजोबांस एक विनंती. इकडच्यांनी सायकल दिली म्हणून तिकडच्यांनी मोटार देणे, ही चढाओढ मूल फार लवकर ओळखते. संत निकोलस ह्यांनी तीन निराधार मुलींच्या घरात रात्री गुपचूप सोने टाकले, अशी परंपरा आहे. दोन्ही घरांनी मिळून एकच वस्तू दिली तर बिघडते कोठे?

आणि ज्यांच्या घरी पुडाच येत नाही त्या मुलांविषयी. कपाटातील चाक मोडलेल्या मोटारी त्यांस नेऊन देण्याची चाल आम्हांस आवडत नाही. मंदिरात बाळ येशूच्या अर्पणाच्या वेळी मरिया व योसेफ ह्यांनी गरिबांस नेमून दिलेले पक्ष्यांचे अर्पण केले. पवित्र कुटुंब त्या रांगेतले होते. म्हणून आलेल्या पुड्यांपैकी एक मुलाने स्वतः निवडावा, न उघडता द्यावा, आणि तो कोणता हे आपण सुचवू नये. त्यासाठी गव्हाणीच्या डाव्या बाजूस वेताची टोपली ठेवली आहे. ती प्रकटीकरणाच्या सणाच्या मिस्सेपर्यंत तेथेच राहील.