तापवून आखडणारे पोलाद

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा संपादित अंश)

माझगाव डॉकमध्ये १९६८ साली ‘नीलगिरी’ ही युद्धनौका पाण्यात उतरली, त्याचे कौतुक झाले आणि ते व्हायलाच हवे होते. पण जहाजाच्या नाळेवरच्या, म्हणजे पुढच्या टोकावरच्या, प्लेटी वाकवतात कशा, हे सोहळ्याला आलेल्यांपैकी सहसा कोणी विचारत नाही. आज तेवढेच सांगणार आहे.

मोठ्या मालवाहू जहाजाचा मधला भाग सरळसोट असतो. तळ आणि बाजू जिथे मिळतात, तिथला बाक रोलिंग मशीनमधून निघतो. खरी परीक्षा नाळेला आणि वरामाला, म्हणजे मागच्या टोकाला. तिथे प्लेट एकाच वेळी दोन दिशांना वाकलेली लागते. कागदाची नळी कोणीही करील. तोच कागद मोसंबीला गुंडाळून पाहा, सुरकुत्या पडणारच. सपाट पृष्ठाला असा दुहेरी बाक द्यायचा तर त्याचा काही भाग ताणावा किंवा आखडावा लागतोच. हे गाउस या जर्मन गणितज्ञाने १८२७ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तातून निघते. गोदीतल्या कारागिराला ते हाताने ठाऊक असते.

मग पोलाद आखडायचे कसे? तापवून! शाळेत आपण उलटे शिकलो, आणि तेही खरेच आहे. एक मीटर पोलाद १०० अंशांनी तापले, तर सुमारे १.२ मिलिमीटर वाढते. पण गॅसची टॉर्च प्लेटवरून एका रेषेत नेली, की तेवढी चिंचोळी पट्टीच सहाशे-सातशे अंशांवर जाते. आजूबाजूची प्लेट थंड आणि ताठ. पट्टीला पसरायचे असते, शेजार जागा देत नाही. तापून नरम झालेले पोलाद मग आडवे पसरण्याऐवजी जाडीत फुगते. टॉर्चमागोमाग पाण्याची धार येते, पट्टी निवते आणि मूळच्यापेक्षा किंचित तोकडी होऊन बसते. वरचा थर जास्त तापलेला, म्हणून तो जास्त आखडतो आणि प्लेट टॉर्चच्या बाजूला वळते. घणाचा एक घावही लागत नाही.

टॉर्च हळू नेली, तर उष्णता आरपार जाते. मग प्लेट फारशी वळत नाही, नुसती आखडते. त्याचाही उपयोग आहे. प्लेट सगळीकडून खोलगट हवी असेल तर कडा आखडायच्या, खोगिरी बाक हवा असेल तर मधला भाग. पाण्याची घाई मात्र सगळीकडे चालत नाही. जास्त ताकदीचे पोलाद फार तापवून लगेच पाण्याने विझवले, तर ते कडक आणि ठिसूळ होऊ शकते. म्हणून त्यासाठी ६५० अंशांच्या आत राहण्याचा दंडक आहे.

कारागीर हव्या त्या बाकाचा लाकडी फर्मा प्लेटवर टेकवतो, खालून किती उजेड दिसतो ते पाहतो आणि पुढची रेषा खडूने आखतो. रोलिंगमध्ये आणि आधीच्या तापवण्यात प्लेटच्या अंगात ताण साठलेले असतात, त्यामुळे एकाच ड्रॉइंगच्या दोन प्लेटी सारख्या वळत नाहीत. जपानमध्ये रेषा गणिताने ठरवून विजेने तापवणारी यंत्रे आली आहेत. तरी अनेक गोद्यांत शेवटचा हात माणसाचाच असतो. माझ्या मते जहाजबांधणीतले हे सर्वांत कठीण आणि सर्वांत दुर्लक्षित काम आहे.

मुंबईत बांधलेले १८१७ चे ‘ट्रिंकोमाली’ हे सागवानी जहाज आजही इंग्लंडमध्ये पाण्यावर आहे आणि ते बांधणाऱ्या जमशेटजी वाडियांचे नाव इतिहासात आहे. प्लेट वाकवणाऱ्याचे नाव कुठेच नसते. आपल्यापैकी ज्यांचे गोदीत कोणी असेल, त्यांना माझी विनंती आहे: हे कारागीर निवृत्त होण्याआधी त्यांचे काम चित्रित करा, आणि कोणती रेषा आधी व का, हे त्यांना विचारून लिहून ठेवा.