पानावरची न्याहारी
(साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



आज पाटी थोडी बाजूला ठेवा. आज आपण चुलीपाशी बसून बोलू. विषय अगदी साधा आहे. सकाळची न्याहारी.

तुम्ही म्हणाल, "ताई, न्याहारी आम्ही रोजच करतो. त्यात शिकायचे काय?" सांगते. पण आधी मी एक गोष्ट विचारते. खरे उत्तर द्या, बरं का. आज सकाळी पोटभर न्याहारी कोणी कोणी केली? हात वर करा.

पाहा. दादालोकांचे हात झटकन वर आले. पोरांचेही आले. पण बायांचे हात थोडेच दिसतात. बाकीच्या बाया खाली बघताहेत. म्हणजे ज्यांनी न्याहारी रांधली, त्याच उपाशी राहिल्या.

असे का होते? बाई पहाटे उठते. पाणी भरते. चूल पेटवते. कुणाकडे आता गॅस आहे, पण कामे तीच. ती भाकऱ्या थापते, भाजी करते. सगळ्यांना वाढते. सगळे जेवून उठतात. मग भांड्यांचा ढीग समोर असतो. तो घासता घासता ऊन वर येते. कामावर जायची वेळ होते. मग ती घोटभर चहा पिते आणि निघते. दुपारी शेतात तिला घेरी येते. आपण म्हणतो, "ऊन लागले असेल." ऊन असेलही. पण पोट रिकामे होते, हे कोणी बोलत नाही.

सरकारने २०१९ ते २०२१ या काळात देशभर घरोघर आरोग्याची पाहणी केली. आपल्या महाराष्ट्रात १५ ते ४९ वर्षे वयाच्या बायांचे रक्त तपासले. १०० बायांपैकी ५४ बायांच्या अंगात रक्त कमी निघाले. म्हणजे निम्म्याहून जास्त! याला कारणे पुष्कळ आहेत. पण वेळेवर आणि पुरेसे न खाणे हे त्यातले एक आहे.

तेव्हा अशी न्याहारी हवी, की जी झटपट होईल. पोटभर होईल. आणि मागे भांड्यांचा ढीग ठेवणार नाही. मग बाईही सगळ्यांबरोबर पानावर बसेल.

अशी न्याहारी आपल्या कोकणात जुनी आहे. तिचे नाव पानगी.

कितीतरी म्हाताऱ्या माणसांना ती ठाऊक आहे. केळीच्या पानावर पीठ पसरायचे. वर दुसरे पान झाकायचे. आणि भाजायचे. पान जळते, पण पीठ जळत नाही. पानातला ओलावा पिठाला सांभाळतो. वर पानाचा वास लागतो तो वेगळाच.

आता पानगी कशी करायची, ते नीट ऐका. ५ माणसांचे प्रमाण सांगते.

तांदळाचे पीठ ३ वाट्या घ्या. नाचणीचे पीठ १ वाटी घ्या. बेसन अर्धी वाटी घ्या. त्यात एक कांदा बारीक चिरून टाका. मूठभर मेथी किंवा शेवग्याचा कोवळा पाला चिरून टाका. मिरची आणि मीठ चवीपुरते. मग ताक घालून कालवा. ताक एकदम ओतू नका. थोडे थोडे घाला. पीठ धिरड्याच्या पिठापेक्षा घट्ट हवे आणि थालिपिठापेक्षा सैल हवे. पळीने पानावर घातले, की आपोआप वाहून जाता कामा नये. बोटांनी पसरता आले पाहिजे.

कालवल्यावर पीठ थोडा वेळ झाकून ठेवा. तेवढ्यात पाने तयार करा.

केळीचे पान फार कोवळे नको. ते फाटते. फार जून नको. ते तडकते. मधले पान घ्या. दोन्ही बाजूंनी धुवा, पुसा. वीतभर लांबीचे तुकडे करा. प्रत्येक तुकडा विस्तवावरून एकदा हलकेच फिरवा. तो मऊ पडतो, रंग गडद होतो. मग दुमडला तरी फाटत नाही.

पानाच्या चकचकीत बाजूला तेलाचे बोट फिरवा. त्यावर पळीभर पीठ घाला. बोटे पाण्यात बुडवून ते भाकरीएवढे जाड पसरा. वर दुसरे पान ठेवा. आता हा जोड तापल्या तव्यावर ठेवा. वर झाकण घाला. आच मंद हवी. मोठी आच केलीत, तर पान जळेल आणि आत पीठ कच्चे राहील.

खालचे पान तपकिरी झाले, की पानांसकट उलटा. दुसरी बाजूही तशीच भाजा. झाली की नाही, हे ओळखायची खूण सोपी आहे. पानाचा कोपरा उचलून पाहा. पान पिठापासून आपोआप सुटले, तर पानगी झाली. चिकटले, तर अजून थोडा वेळ ठेवा. ओढू नका.

तवा मोठा असेल, तर एका वेळी दोन पानग्या होतात. चूल असेल, तर आणखी एक सोय आहे. ज्वाळा विझून लाल निखारे उरले, की जोड निखाऱ्यांच्या कडेला गरम राखेवर ठेवा. वर झाकण ठेवून झाकणावर चार निखारे ठेवा. खालून भाजते, वरूनही भाजते. आपल्याकडे काकडीचे धोंडस याच रीतीने वरखाली विस्तव ठेवून करतात. विदर्भात रोडगे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजतात. म्हणजे भाजून खायची रीत आपल्या मुलखात सगळीकडे आहे. भट्टी लागत नाही.

पानगी पानावरच खायची. ताटली लागत नाही. वर लोण्याचा गोळा असेल तर उत्तमच. नसेल, तर शेंगदाण्याची किंवा सुक्या खोबऱ्याची लसूण घातलेली चटणी घ्या. कामावर जाणाऱ्याला तशीच पानात गुंडाळून शिदोरी द्या. दुपारपर्यंत ती मऊ राहते.

आता पाटी पुढे ओढा. एक वजाबाकी करू.

भाकरी-भाजीची न्याहारी झाली, तर घासायला काय काय पडते? परात, कढई, झाकण, पळी, उलथणे. ही झाली ५. पाच माणसांच्या ५ ताटल्या. पाच वाट्या. एकूण १५ भांडी.

पानगीला काय पडते? पिठाचे पातेले, पळी, झाकण आणि चटणीची वाटी. झाली ४. तवा आणि उलथणे पुसले की पुरे, कारण पीठ त्यांना लागतच नाही. १५ मधून ४ गेले. उरले ११. म्हणजे ११ भांडी घासायची वाचली.

ती घासायला लागणारे पाणी वाचले. ज्या गावात उन्हाळ्यात बाई डोक्यावर हंडा घेऊन चालते, तिथे पाणी वाचले म्हणजे तिची खेप वाचली. वेळही वाचला. समजा, दिवसाला अर्धा तास वाचला. मग ३० दिवसांत किती? १५ तास. आपला हा वर्ग रोज एक तास चालतो. म्हणजे महिन्यात १५ दिवसांच्या वर्गाचा वेळ बाईच्या पदरात पडला. "ताई, वर्गाला यायला सवड होत नाही," असे मला किती जणी सांगतात! सवड आभाळातून पडत नाही. ती अशी चुलीपाशीच शोधावी लागते.

आता पाने उरली. ती टाकून द्यायची नाहीत. जळके कोपरे काढा आणि बाकी पान गाईला घाला. नाहीतर खताच्या खड्ड्यात टाका. चार महिन्यांनी ते परसातल्या मिरचीला उपयोगी पडेल.

काही जण विचारतील, "नाचणी कशाला? नुसता तांदूळ चांगला पांढरा दिसतो." दिसतो खरा. पण हाडांना चुना लागतो. त्याला कॅल्शियम म्हणतात. १०० ग्रॅम नाचणीत ते सुमारे ३५० मिलिग्रॅम असते. तांदळात त्याच्या मानाने अगदी थोडे असते. वाढत्या पोराला, पोटुशी बाईला आणि अंगावर पाजणाऱ्या आईला ते फार हवे. बेसन का? तांदळात जे कमी असते, ते डाळीत असते. दोन्ही एकत्र खाल्ली, की अंगाला बळ जास्त मिळते. पाला रक्ताला चांगला. त्यावर लिंबू पिळले, तर पाल्यातले लोह अंगी जास्त लागते. आणि चहा मात्र न्याहारीबरोबर घेऊ नका. तासभर आधी किंवा नंतर घ्या. चहा ते लोह अंगी लागू देत नाही.

एक मात्र स्पष्ट सांगते. पानगी हे औषध नव्हे. ज्या बाईला फार थकवा येतो, धाप लागते, तिने दवाखान्यात जाऊन रक्त तपासावे. आशाताई लोहाच्या गोळ्या देतात, त्या घ्याव्यात. गोळीही घ्यायची आणि न्याहारीही करायची.

आता चार सावधगिरीच्या गोष्टी.

बागेत औषधाची फवारणी झाली असेल, तर त्या केळीचे पान घेऊ नका.

केळ नसेल, तर पळसाची पाने चालतात. पावसाळ्यात हळदीची पाने फार छान लागतात. पण अनोळखी झाडाचे पान कधीही वापरू नका. रुई आणि कण्हेर तर विषारी आहेत.

उन्हाळ्यात ताक घातलेले पीठ रात्रभर बाहेर ठेवू नका. ते फार आंबते. कोरडी पिठे रात्री मिसळून ठेवा. ताक सकाळी घाला.

पान नाही म्हणून वर्तमानपत्रावर पानगी वाढू नका. त्याची शाई अन्नात उतरते. छापलेला कागद वाचायचा असतो. आता तुम्हाला वाचता येते, तर तो वाचा. त्यावर खाऊ नका. प्लॅस्टिकची पिशवी तर तव्याजवळही आणू नका.

आता शेवटची गोष्ट. ती दादालोकांसाठी आहे.

भाकरी थापायला हात बसावा लागतो. "आम्हाला ते जमत नाही," असे तुम्ही म्हणता. मानले. पण पानगीला थापावे लागत नाही. मळावे लागत नाही. कालवायचे, पसरायचे, झाकायचे. दहा वर्षांचे पोर मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली पीठ पसरू शकते. मग घरच्या कर्त्याला का जमू नये? शेतात चिखलणी जमते, नांगर जमतो, होडी वल्हवणे जमते. पळीभर पीठ पानावर पसरणे काय जड आहे?

कुणी म्हणेल, "गडीमाणूस चुलीपाशी बसला, तर लोक हसतील." हसू द्या. लग्नाच्या पंगतीला शंभर माणसांचा भात कोण शिजवतो? पुरुषच ना? तिथे कुणी हसत नाही. मग आपल्या घरच्या पाच माणसांसाठी का हसावे?

रोज करा, असे मी म्हणत नाही. आठवड्यातून दोन दिवस करा. त्या दिवशी पीठ एकाने कालवावे. पाने दुसऱ्याने पुसावीत. पानग्या तिसऱ्याने भाजाव्यात. मुलांनी पाने गाईला नेऊन घालावीत. आणि एक नेम करावा. सगळ्यांची पाने मांडल्याशिवाय कोणी खायला सुरुवात करायची नाही. पाच माणसे, तर पाच पाने. त्यातले एक पान घरच्या लक्ष्मीचे. तिला लक्ष्मी म्हणायचे आणि उपाशी ठेवायचे, हे बरे नव्हे.

आता पाटीवर चार शब्द लिहा. पान. पीठ. ताक. पानगी. घरी जाऊन ते पोरांना वाचून दाखवा. मग करून दाखवा.

पुढच्या सोमवारी मी पुन्हा येणार आहे. आल्याबरोबर तोच प्रश्न विचारणार आहे. "आज पोटभर न्याहारी कोणी कोणी केली?" त्या दिवशी मला बायांचे हात मोजायचे आहेत. ते सगळे वर दिसले, तर आजचे बोलणे कारणी लागले, असे मी समजेन.

एवढे बोलून रजा घेते. राम राम.