वाचन-चाचणीचे आकडे आणि आपली शाळा

(शाळा व्यवस्थापन समित्यांचे सदस्य व शिक्षक यांच्यापुढे केलेले भाषण)



‘असर’ अहवाल प्रसिद्ध झाला की तिसरीच्या मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येत नाही, अशा आशयाचे मथळे वर्तमानपत्रांत येतात. मग ग्रामसभेत शिक्षकाला जाब विचारला जातो. आकडा खोटा नसतो. परंतु तो कोणत्या पद्धतीने मिळाला हे ध्यानी न घेता त्यावरून आपल्या शाळेचा निवाडा करणे अन्यायाचे आहे.

‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने २००५ साली हे सर्वेक्षण सुरू झाले. त्याचा मूळ आराखडा ग्रामीण भागापुरता आहे. जनगणनेच्या यादीतून जिल्ह्यातील ३० गावे निवडतात. गावाचे चार भाग पाडून प्रत्येक भागात दर पाचवे घर, अशी पाच घरे घेतात. म्हणजे गावात २० आणि जिल्ह्यात ६०० घरे झाली. तेथे ५ ते १६ वयाच्या मुलांना एकेकटे बसवून वाचावयास देतात. आरंभ पहिलीच्या पातळीच्या परिच्छेदाने होतो. तो तीनपेक्षा अधिक चुका न करता, ओघाने वाचला तर दुसरीच्या पातळीची गोष्ट. अडखळले तर सुटे शब्द, तेही न जमल्यास अक्षरे. वाचलेले उमगले की नाही, हे या पातळ्या ठरविताना पाहिले जात नाही, ही त्याची मर्यादा होय.

शासनाचे २०२१ चे राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण आणि २०२४ चे ‘परख’ सर्वेक्षण शाळेत, ठरावीक इयत्तांसाठी झाले. त्यात त्या दिवशी हजर असलेलेच मूल मोजले जाते. घरोघरच्या पाहणीत शाळेत न जाणारे मूलही येते. दोहोंचे प्रश्न निराळे, म्हणून उत्तरेही निराळी. एकाच्या आधारे दुसऱ्याला लबाड ठरविण्याचे कारण नाही. ऊसतोडीसाठी आईबापांबरोबर गाव सोडलेले मूल मात्र पाहणीच्या दिवशी ना शाळेत सापडते, ना घरी.

आता आकड्यांकडे वळू. देशाच्या ग्रामीण भागात दुसरीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीची मुले २०१८ मध्ये २७.३ टक्के होती. २०२२ मध्ये ती २०.५ वर घसरली आणि २०२४ मध्ये पुन्हा २७.१ वर आली. महामारीत दीर्घकाळ बंद राहिलेल्या शाळांशी या घसरणीचा संबंध जोडणे सयुक्तिक आहे. पुढील भरपाईचे श्रेय मात्र जपून द्यावे. ‘निपुण भारत’ अभियान २०२१ मध्ये सुरू झाले हे खरे. पण शाळा पुन्हा नियमित भरू लागल्या, त्याही याच काळात. कोणाचा वाटा किती, हे वेगळे काढण्यासाठी या सर्वेक्षणाची रचना केलेली नाही. अभियान राबविलेल्या आणि न राबविलेल्या सारख्याच शाळांची तुलना केल्यावाचून ते कळावयाचे नाही.

गावाविषयी तर हा आकडा काहीच सांगत नाही. वीस घरांत तिसरीची मुले दोन-तीनच निघावयाची. आपले गाव त्या तिसांत असले, तरी त्यांवरून शाळा चांगली की वाईट हे कसे ठरणार?

यावर उपाय आपल्या हाती आहे. शिक्षकाने दर दोन महिन्यांनी प्रत्येक मुलाचे वाचन स्वतः ऐकावे. मुलाला पाच-सात मिनिटे पुरतात. मजकूर मात्र पाठ्यपुस्तकातील नसावा, कारण तो पुष्कळांना तोंडपाठ असतो. या नोंदींवरून शिक्षकाचे मूल्यमापन करण्याचा मोह पर्यवेक्षकांनी टाळावा. तसे झाले की सगळीच मुले कागदावर वाचू लागतात. समितीने वही पाहावी, परंतु तीत टक्केवारीचा रकाना ठेवू नये. वर्गात आठ मुले असतील तर एका मुलाने साडेबारा टक्क्यांचा फरक पडतो. त्याऐवजी मुलाचे नाव, ते कोठे अडले आणि पुढे काय केले, एवढे लिहावे. ऊसतोडीला गेलेल्या मुलाची ओळ कोरी न सोडता, ते परतल्याची तारीख टाकून त्याच आठवड्यात त्याचे वाचन ऐकावे.