इथे कमी गुण चांगले

शाळेत दहापैकी सहा मिळाले की आपण म्हणतो, चला, पोरगं पास झालं! आमच्या गटातल्या एका ताईंच्या दिरांच्या रिपोर्टवर 'दहापैकी सहा' असं आलं, तेव्हा घरच्यांना आणि आम्हालाही तसंच वाटलं. डॉक्टर म्हणाले, "इथे उलटं असतं. गुण जास्त, तेवढा आजार मोठा."

आजार होता स्वादुपिंडाला आलेल्या सुजेचा. ही ग्रंथी जठराच्या मागे असते. पित्ताशयातले खडे आणि दारू ही या सुजेची मुख्य कारणं. बेंबीच्या वर अचानक जोरात दुखतं, कळ पाठीत जाते, उलट्या थांबत नाहीत. आपण पित्त समजतो. दिरांचाही एक दिवस सोडा पिण्यातच गेला.

दवाखान्यात रक्ताच्या तपासणीत आजार कळला. "मग सीटी स्कॅन लगेच का नाही?" आम्ही विचारलं. ग्रंथीचा किती भाग निकामी झाला, हे पहिल्या दिवशी नीट दिसत नाही. साधारण ७२ तासांनंतर दिसतं. म्हणून चौथ्या दिवशी स्कॅन झाला.

गुणांचा हिशेब सोपा आहे. सूज आणि भोवती साठलेलं पाणी याचे ० ते ४ गुण. निकामी भागाचे ० ते ६. बेरीज ३ पर्यंत असेल तर आजार सौम्य, ४ ते ६ मध्यम, ७ ते १० गंभीर. दिरांच्या पोटात दोन-तीन ठिकाणी पाणी होतं, त्याचे ४. निकामी भाग ३० टक्क्यांहून कमी, त्याचे २.

दुखणं कमी झालं म्हणून घरचे त्यांना घरी न्यायला निघाले होते. सहाचा अर्थ कळला आणि थांबले. त्याच संध्याकाळी आम्ही बैठक घेऊन ताईंना गटातून कर्ज दिलं. तीन आठवड्यांनी दीर चालत घरी आले.

मात्र गुण म्हणजे अंदाज. गुण कमी असले तरी लघवी कमी झाली, धाप लागली, ताप चढला किंवा माणूस बरळू लागला, तर लगेच नर्सताईंना सांगा. स्कॅनच्या आधी शिरेतून औषध देतात. किडनीचा त्रास, औषधाची अ‍ॅलर्जी किंवा दिवस गेलेले असतील तर तेही आधीच सांगा.

आणि रिपोर्ट हातात आला की विचारायला लाजू नका, "डॉक्टर, दहापैकी किती? आणि त्याचा अर्थ काय?"