चंद्र कुठे आहे आणि ईद कधी आहे



मला विषय दिलाय ‘विज्ञान आणि धर्म यांतला फरक’. मी आलिम नाही आणि शास्त्रज्ञही नाही. इंजिनिअरिंग केलं, सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो. म्हणून एकच उदाहरण घेतो, तुमच्या-माझ्या घरातलं. ईदचा चाँद.

रमजानचा शेवट आला की फोन सुरू होतात. आखातातल्या मामांची ईद बहुतेक वेळा एक दिवस आधीच झालेली असते. रत्नागिरीची खाला सांगते, इथे ढग आहेत, काही दिसलं नाही. मोहल्ल्यात कुणी म्हणतं गवाही आली, कुणी म्हणतं ती मान्य नाही. मग वाद सुरू होतो : विज्ञान मानायचं की धर्म?

माझ्या मते इथे दोन प्रश्नांची सरमिसळ होते. पहिला प्रश्न, चंद्र कुठे आहे? दुसरा प्रश्न, महिना कधी सुरू झाला असं आपण मानायचं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर विज्ञान देतं. एका अमावास्येपासून दुसरीपर्यंत सरासरी २९ दिवस, १२ तास, ४४ मिनिटं जातात. म्हणूनच आपला महिना कधी २९ चा, कधी ३० चा. तुमच्या गावात सूर्यानंतर चंद्र किती मिनिटांनी मावळेल, हे पुढच्या कित्येक वर्षांसाठी आज काढता येतं. ज्या गणितावर ग्रहणाची वेळ ठरते, तेच हे गणित. कोर डोळ्यांना दिसेल का, हे मात्र थोडं अवघड आहे. सूर्य आणि चंद्र यांच्यात साधारण सात अंशांपेक्षा कमी अंतर असेल तर ती दिसत नाही. त्यापुढे धूळ, ढग, क्षितिज, पाहणाऱ्याची नजर असं बरंच काही येतं. म्हणजे विज्ञान कधी ‘दिसणं शक्य नाही’ असं ठामपणे सांगतं आणि कधी ‘नक्की सांगता येत नाही’ असंही म्हणतं. दोन्ही उत्तरं प्रामाणिक आहेत.

आता समजा, ज्या संध्याकाळी चंद्र सूर्याच्या आधीच मावळला, त्या संध्याकाळी कुणी तो पाहिल्याची गवाही दिली. माणूस कितीही नेक असो, चूक झालीय. आमच्या कामात हे रोज घडतं. कालच लागलेल्या मुलीने लॉग काढून दाखवला, तर पंधरा वर्षांच्या अनुभवी माणसालाही आपला कोड दुरुस्त करावा लागतो. इब्न अल-हैथमने हजार वर्षांपूर्वी हेच केलं. टॉलेमीला सगळे उस्ताद मानत होते, तरी त्याच्या ग्रंथांतल्या शंका त्याने एकेक करून लिहून काढल्या.

दुसरा प्रश्न वेगळा आहे. डोळ्यांनी पाहायलाच हवं की हिशेब पुरे? आपल्या गावचा चंद्र धरायचा की मक्केचा? हे कुठल्याही सूत्रात लिहिलेलं नाही. तुर्कस्तानात तारखा हिशेबाने आधीच जाहीर होतात. उत्तर अमेरिकेच्या फिकह कौन्सिलने २००६ मध्ये हिशेब स्वीकारला. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी गवाहीची वाट पाहतात. चंद्र सगळ्यांचा एकच आहे. वेगळा आहे तो माणसांचा निर्णय, आणि निर्णयावर चर्चा करता येते.

‘हिशेब दीनच्या विरुद्ध आहे’ असं कुणी म्हटलं, तर मशिदीतल्या नमाजच्या वेळापत्रकाकडे बोट दाखवा. असरची वेळ सावलीवरून ठरते, पण आज अंगणात काठी रोवून सावली कोण मोजतं? चौदाव्या शतकात दमास्कसच्या उमय्यद मशिदीत या कामासाठी इब्न अल-शातिर हा खगोलज्ञ नेमलेला होता. त्या पदाला मुवक्कित म्हणत. चंद्राच्या गतीचं त्याने मांडलेलं गणित पुढे कोपर्निकसच्या ग्रंथातल्या गणिताशी जुळलं.

आता दुसऱ्या टोकाबद्दल. ‘बिग बँग आपल्या किताबात आधीच होतं’ असे मेसेज तुम्हालाही येत असतील. माझा साधा सवाल आहे : मग शोध लागण्याआधी हे कुणी का सांगितलं नाही? दरवेळी शोध आधी लागतो आणि आयत नंतर शोधली जाते. शिवाय विज्ञान स्वतःला दुरुस्त करत राहतं. उद्या सिद्धांत बदलला तर आयतीचा अर्थही बदलणार का? ईमानला अशा उसन्या सर्टिफिकेटची गरज नाही.

अब्दुस सलाम यांना १९७९ चं भौतिकशास्त्राचं नोबेल ग्लॅशो आणि वाइनबर्ग यांच्याबरोबर मिळालं. सलाम श्रद्धाळू, वाइनबर्ग नास्तिक. दोघे स्वतंत्रपणे एकाच सिद्धांताशी पोचले. त्या सिद्धांताने सांगितलेले कण १९८३ मध्ये सर्नच्या प्रयोगात सापडले. निसर्गाने कुणाचाही अकीदा विचारला नाही. तो विचारला माणसांनी : सलाम अहमदिया होते, म्हणून पाकिस्तानात त्यांच्या कबरीच्या दगडावरचा ‘मुस्लिम’ हा शब्द पुसला गेला.

शेवटचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. विज्ञान ज्या प्रश्नाचं उत्तर देत नाही, तो आपोआप मौलानांच्या ताब्यात जात नाही. बेटीला वारशात किती हिस्सा? एका दमात तीनदा तलाक म्हटलं की संसार संपला का? हे प्रयोगशाळेत ठरणार नाही. पण तिथे आपला विवेक आहे, बायकांचा अनुभव आहे, संविधान आहे. संविधानाच्या कलम ५१-क मध्ये १९७६ साली नागरिकांची कर्तव्यं आली. त्यांत वैज्ञानिक दृष्टिकोनाच्या जोडीला मानवतावाद, जिज्ञासा आणि सुधारणा हेही लिहिलेलं आहे. काही मुस्लिम बायकांनी असाच प्रश्न कोर्टात नेला, आणि २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका दमातला तीन तलाक रद्द ठरवला.

म्हणून वाद सुरू झाला की समोरच्याला, आणि स्वतःलाही, विचारा : काय दिसलं तर तुम्ही मत बदलाल? याचं उत्तर असेल तर चला, मिळून तपासू. उत्तर नसेल तर तो श्रद्धेचा किंवा मूल्याचा प्रश्न आहे. मग पुढचा सवाल विचारा : या निर्णयाचं ओझं कुणाच्या खांद्यावर पडतंय, आणि त्या माणसाला कुणी विचारलं का?

माझं बोलणं संपलं. आता तुमचे सवाल येऊ द्या.